बिनमानेची द्वारका

बाराझरे नावाचं एक जंगल होतं. त्यात झरे अकरा होते. बारावा सरकारी कागदावर होता आणि दरवर्षी त्याची डागडुजी होत असे.

या जंगलात जो तो आपापल्या झऱ्यावर जाऊन पाणी पिई. चढ-उतार होता, वाटेत काटे होते, वर घारी होत्या. पाणी पिऊन परत आलेला प्राणी अर्ध्या वाटेतच पुन्हा तहानलेला असे. तरी कुणाच्या मनात तक्रार आली नव्हती, कारण तक्रार करायची असते हे त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

ते रेड्यानं सांगितलं.

रेडा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा म्हणाला, "बंधूंनो आणि भगिनींनो, मी चिखलात वाढलेलं जनावर आहे. इतकी वर्षं तुम्ही स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत चालत जाता, हे बघून मला झोप लागत नाही. मला एकदा संधी द्या. यापुढे या जंगलात कुणालाही स्वतःच्या पायावर उभं राहावं लागणार नाही."

टाळ्या पडल्या. रेडा निवडून आला. आदल्या दिवसापर्यंत सगळे त्याला नुसतं रेडा म्हणत. दुसऱ्या दिवसापासून 'महामहिष' म्हणू लागले.

महामहिषांनी पहिलाच हुकूम काढला तो झऱ्यांबद्दल. झरे वर्षानुवर्षं एकही सुट्टी न घेता वाहत आहेत, ते दमले आहेत, तेव्हा त्यांना सक्तीची विश्रांती देण्यात येत आहे, असा तो हुकूम होता. रानडुकरांना ठेका मिळाला. त्यांनी आठ दिवसांत अकराही झऱ्यांच्या तोंडावर शिळा लोटल्या आणि बाराव्याच्या तोंडावर लोटल्याचं लिहून दिलं. मग जंगलाच्या मधोमध एक तळं सरकारी झालं. त्याच्या रक्षणाची जबाबदारी महामहिषांनी स्वतःकडे घेतली. ते पाण्याचं रक्षण पाण्यात बसून करत.

तळ्याकाठी सावली होती. रांगेत उभं राहिलं की माकडं पळसाच्या द्रोणातून पाणी थेट तोंडाशी आणून देत. त्या बदल्यात काही द्यायचं नव्हतं. पाणी मिळालं की पोच म्हणून फक्त एकदा मान हलवायची होती.

सगळ्यांना ते पटलं. मान हलवायला काय जातं? त्यातून सरड्याला तर जन्मजातच मान हलवायची सवय. तो दिवसभर उगाचच मान खालीवर करत बसलेला असे. ही निष्ठा पाहून महामहिषांनी त्याला मान-मान्यता खात्याचा मंत्री केलं.

मंत्री झाल्यावर सरड्यानं खात्याला शिस्त लावली. मान उभी हलवायची. आडवी हलवणं हा गुन्हा ठरला. वटवाघळं उलटी लटकतात, तेव्हा त्यांची मान खाली जाते की वर, हे ठरवायला समिती नेमली. घुबडाची मान गरकन मागेपर्यंत फिरते, म्हणून त्याला दोन्ही बाजूंचा समजून नजरकैदेत ठेवलं. रांगेच्या डोक्यावर भली मोठी पाटी लागली: 'झुकेल मान, तर वाढेल शान.'

या जंगलात द्वारका नावाची एक खेकडी राहत होती. चौथ्या झऱ्याच्या काठी, जांभळाच्या मुळाशी तिनं स्वतः खणलेलं बीळ होतं. दोन हात खोल, मध्ये एक वळण, तळाशी बारमाही ओल. नवरा एका पुरात गेला होता आणि पोरं त्याच पाण्याबरोबर खाली कुठे कुठे पांगली होती. द्वारका एकटी होती, पण एकटी आहे असं तिला कधी वाटत नसे. झरा रात्रंदिवस काहीतरी बोलत असे आणि ती नांगीनं माती ओढता ओढता ऐकत असे.

झरा बंद झाल्यावर तिनं आठवडाभर बिळातल्या ओलीवर काढला. खेकड्याचे कल्ले सुकले की संपलं. म्हणून एका सकाळी ती तिरकी तिरकी चालत सरकारी तळ्यावर आली आणि रांगेत उभी राहिली.

रांगेच्या तोंडाशी नोंदी करायला एक खार बसलेली होती. माकडानं द्रोण पुढे केला, द्वारका पाणी प्यायली आणि जायला निघाली. खारीनं तिला थांबवलं आणि मान हलवायला सांगितलं.

द्वारका म्हणाली, मला मान नाही.

खारीनं तिला सगळ्या बाजूंनी नीट पाहिलं. खरंच नव्हती. द्वारकानं आपल्या परीनं आठही पाय वाकवून सगळं अंग खाली-वर करून दाखवलं. खारीनं नियम चाळले आणि सांगितलं की ही उठाबशी झाली, ती वेगळ्या खात्याकडे येते. मग द्वारकानं डोळ्यांचे देठ वर-खाली केले. डोळ्यांचा नियमात उल्लेखच नव्हता.

प्रकरण सरड्याकडे गेलं. चौकशीत दिसलं की जंगलात मान नसलेले बरेच आहेत. खेकडे आहेत, गोगलगायी आहेत, बेडकांच्या मानेबद्दल तर तज्ज्ञांतच मतभेद आहेत. सरड्यानं कळवळून सांगितलं की सरकार कुणालाही वाऱ्यावर सोडणार नाही. ज्यांना मान नाही त्यांना सरकार मान देईल.

आणि दिली. बांबूची एक काडी, तिच्या टोकावर वाळलेला चिमुकला भोपळा, भोपळ्यावर कोळशानं काढलेले दोन डोळे. ही मान वेलीनं पाठीवर बांधायची. वाऱ्याची झुळूक आली तरी ती छान डोले. द्वारकाला एकशे अठ्ठेचाळीस नंबरची मान मिळाली. पोच म्हणून तिनं ओल्या मातीवर नांगी उमटवून दिली.

तिचे शेजारी वामनराव बेडूक यांनाही मान मिळाली होती. वामनराव म्हणजे चौथ्या झऱ्याचे गवई. पावसाळ्यात ते गायला बसले की पलीकडच्या डोंगरातले बेडूक गप्प होऊन ऐकत. आता त्यांना सरकारी घोषणांचं काम मिळालं होतं. ते द्वारकाला म्हणाले, बाई, आरंभी जरा जड वाटते, पण अंगवळणी पडते. पाठीला आधारही होतो.

खोटं कशाला सांगा, द्वारकाला बरं वाटलं. ऊन नाही, खणणं नाही, घारीची भीती नाही. ती सावलीत बसे, वारा आला की मान डोले आणि द्रोण पुढ्यात येई. महिन्याभरात तिच्या नांग्यांच्या धारा बोथट झाल्या आणि अंगावर तुकतुकी चढली. कधी कधी झऱ्याची आठवण येई. मग ती स्वतःला समजावी की तोही बिचारा विश्रांती घेतोय.

दरम्यान एका मानेच्या दोन झाल्या. पाण्याआधी एक, पाण्यानंतर एक. मग रोज सायंकाळी तळ्याकाठी सभा भरू लागली. तिथे दिवसभराचे हुकूम वाचून दाखवत आणि सगळ्यांनी मान हलवली की ते एकमतानं मंजूर होत.

अशाच एका सभेत सरड्यानं बिळांचा हुकूम वाचला. पाणी सरकार देतं, सावली सरकार देतं, मग बीळ कशाला हवं? बिळात प्राणी एकटा बसतो. एकटा बसला की विचार करतो, आणि ते त्याच्या प्रकृतीला बरं नाही. सबब उद्या सकाळी सर्व बिळं बुजवण्यात येतील. बीळधारकांची सोय सामुदायिक निवाऱ्यात केली जाईल.

द्वारका तिरकी तिरकी पुढे सरकली. तेवढ्यात तळ्यावरून वारा सुटला आणि तिच्या पाठीवरची मान भराभर डोलू लागली. तिनं नांगी वर केली आणि मोठ्यानं म्हणाली, "मला हे मान्य नाही."

खारीनं वही पाहिली.

"बाई, तुमची मान हो म्हणाली," ती म्हणाली. "अकरा वेळा."

"ती माझी नाही."

"पोचेवर नांगी तुमचीच आहे."

द्वारकानं वामनरावांकडे पाहिलं. ते दुसरीकडे पाहत होते आणि त्यांचा भोपळा जोरजोरानं हलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानडुकरं आली. जांभळाच्या मुळाशी त्यांनी मुसंडीनं माती लोटली, वर चार-दोन उड्या मारल्या आणि पुढच्या बिळाकडे गेली. सगळं मिळून द्रोणभर पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. ते बीळ खणायला द्वारकाला तीन उन्हाळे लागले होते. ती तिथे नुसती उभी राहिली. पाठीवरची मान त्यालाही डोलत होती.

खेकड्यांचा सामुदायिक निवारा म्हणजे एक मोठं मडकं होतं. त्यावर झाकण नव्हतं. खेकड्यांबद्दल सरकारला खात्री होती. आत तीसेक खेकडे दाटीवाटीनं बसलेले आणि प्रत्येकाच्या पाठीवर भोपळा. कुणी जरा हललं की सगळे भोपळे एकमेकांवर आपटत, टकटक आवाज होई, आणि बाहेरून जाणाऱ्याला वाटे की आत काहीतरी एकमतानं मंजूर होतंय.

द्वारकानं तिथे दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी जाते. कुठे, असं बाकीच्यांनी विचारलं. ते तिला ठाऊक नव्हतं. जिथे ओल असेल तिथे खणीन, असं तिनं सांगितलं. हद्दीपलीकडे नुसता कातळ आहे, सावलीला गवताची काडी नाही, घारी टपलेल्या असतात, आणि पाणी लागेलच याचा भरवसा नाही, हे सगळ्यांनी तिला नीट समजावलं. ते सगळं खरंच होतं. भीती तर तिलाही वाटत होती. पण त्या मडक्यात बसून आपण रोज कशाकशाला हो म्हणतोय हेसुद्धा आपल्याला कळणार नाही, या विचारानं तिला जास्त भीती वाटली.

खेकडे एकमेकांचे पाय ओढतात असं म्हणतात. त्या दिवशी कुणी ओढला नाही. उलट एका म्हाताऱ्या खेकड्यानं तिला चढायला आपली पाठ पुढे केली. मात्र तिच्या मागोमाग चढलं कुणीच नाही.

जाण्याआधी ती खारीकडे गेली आणि पाठीवरची मान सोडून तिच्यापुढे ठेवली. खार गडबडली. मान घेण्याचा अर्ज होता, दुरुस्तीचा होता, हरवल्याचा होता. परत करण्याचा नव्हता. द्वारका म्हणाली, मग हरवली असं लिहा. खारीनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "उन्हं चढायच्या आत कातळ ओलांडा. दुपारी घारी खाली उतरतात."

द्वारका निघाली. महिनाभर बसून पाय आखडले होते. हद्दीपर्यंत पोचायलाच उन्हं चढली. समोर काळा कातळ तव्यासारखा तापत होता. या दगडाच्या सावलीतून त्या दगडाच्या सावलीत, अशी ती तिरकी धावत राहिली. कल्ले सुकायला लागले, तसं डोळ्यांपुढे पिवळं दिसू लागलं. अर्धा कातळ मागे पडला असेल-नसेल, तोच वरून सावली झपकन खाली आली आणि घारीनं तिची डावी नांगी पकडली.

द्वारकानं नांगी टाकली.

भाषेत नांगी टाकण्याचा अर्थ काही का असेना, खेकड्यांत नांगी टाकून जीव वाचवतात आणि पुढे चालू लागतात. घार एक नांगी घेऊन उडाली. द्वारका उरलेली घेऊन कातळाच्या फटीत उगवलेल्या एकुलत्या करवंदीच्या जाळीत शिरली. तिकडे बाराझऱ्यात दुसऱ्या दिवशी सरड्यानं दवंडी पिटवली की बंडखोर खेकडीनं अखेर नांगी टाकली. त्यात तसं खोटं काहीच नव्हतं.

जाळीखाली थोडी माती होती. तिनं चारी बाजूंनी चाचपून पाहिलं आणि मुळांच्या कडेला जराशी गार लागली तिथे एका नांगीनं खणायला सुरुवात केली. पहिला दिवस कोरडी माती निघाली. मुळांवरचं पहाटेचं दंव चाटून तिनं कल्ले कसेबसे ओले ठेवले. दुसऱ्या दिवशी मुरूम लागला आणि बोथट नांगी घसरू लागली. त्या दुपारी तिला सरकारी द्रोणाची फार आठवण झाली. परत जावं, मान मागून घ्यावी, माफीचा अर्ज असला तर नांगी उमटवावी, असं मनात आलं. पण परत जायचं म्हणजे पुन्हा तोच कातळ ओलांडायचा, आणि तेवढी ताकद उरली नव्हती. म्हणून ती खणत राहिली. शूरांच्या कथांत हे कारण सांगत नाहीत. द्वारकाचं कारण मात्र तेच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी नांगीला चिकटमाती लागली. मग ओल, आणि मग खळग्यात गढूळ, दुधासारखं, ओंजळभर पाणी. ती त्यात अंग टाकून पडून राहिली. पाण्याला मातीची चव होती. पिऊन झाल्यावर सवयीनं तिनं थोडा वेळ वाट पाहिली, कुणी काही विचारतंय का. कुणीच विचारलं नाही. तेव्हा तिला हसू आलं आणि मग बराच वेळ रडूही आलं.

इकडे तळं आटत चाललं होतं. उन्हाळा होताच, शिवाय महामहिष दिवसेंदिवस अधिक जोमानं पाण्याचं रक्षण करत होते. द्रोण अर्धा झाला, माना पाच झाल्या. पाणी कमी दिसतंय असं एका हरणानं म्हटलं, तेव्हा त्याला समजावण्यात आलं की पाणी तेवढंच आहे, तहान वाढली आहे, आणि तहान वाढणं हे प्रगतीचं लक्षण आहे.

एके दिवशी वामनराव माग काढत, कातळ तुडवत द्वारकाच्या बिळाशी आले. अंगाची कातडी सुरकुतली होती. ते थेट पाण्यात बसले आणि कितीतरी वेळ प्यायले.

द्वारकानं विचारलं, "मान कुठे आहे तुमची?"

"रांगेत ठेवून आलोय. नाहीतर नंबर जाईल."

ती म्हणाली, इथेच राहा. अजून थोडं खणू, दोघांना पुरेल. पुन्हा गायला बसता येईल. वामनरावांनी पाण्याकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याची पिशवी जराशी फुगली आणि परत बसली.

"उद्या हे पाणी असेल याची हमी कोण देतं?"

"कुणीच नाही."

"तिथे हमी आहे."

"पाणी आहे?"

"हमी आहे," वामनराव म्हणाले. आपला नंबर जवळ आला असेल म्हणून ते लगबगीनं निघून गेले.

रांगेत त्यांचं ओलं अंग कुणाच्या तरी लक्षात आलं. दोनच दिवसांत सरडा करवंदीच्या जाळीशी हजर झाला. येताना तो कातळाच्या रंगाचा होता, बिळाशी येताच मातीच्या रंगाचा झाला. आधी त्यानं पोटभर पाणी पिऊन घेतलं. मग सांगितलं की हे बीळ म्हणजे महामहिषांच्या दूरदृष्टीचं फळ आहे. द्वारकाला मान न देण्यामागे, झरा बंद करण्यामागे, बीळ बुजवण्यामागे हाच हेतू होता, की एक दिवस तिनं स्वतः उठून खणावं. द्वारका म्हणाली की मान तर दिली होती. सरडा म्हणाला की तो तपशील आहे. स्वावलंबन योजनेचं उद्घाटन येत्या सोमवारी याच ठिकाणी होईल.

सोमवारी सगळं जंगल कातळावर आलं. इतके जण एकदम आल्यावर घारी लांब राहिल्या. बिळाच्या तोंडावर वेल बांधली होती. महामहिष तळ्यातून निघाले ते अंगावरचा चिखल सांभाळत आले. त्यांनी भाषण केलं की जनावरानं सरकारकडे हात पसरू नये, स्वतः खणावं. प्रत्येकानं आपापलं बीळ खणावं, त्यासाठी परवानगी घ्यावी, आणि निघालेलं निम्मं पाणी रक्षणासाठी तळ्यात जमा करावं. सगळ्यांनी माना हलवल्या. द्वारकाला मानपत्र देण्याचं ठरलं होतं. ते वाचून झालं, पण गळ्यात अडकवायला जागा सापडेना, म्हणून ते सरड्यानंच घातलं.

मग महामहिष वेल तोडायला दोन पावलं पुढे आले. त्यांचा पुढचा पाय बिळावर पडला. माती खचली, पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, आणि तो काढायला त्यांनी बराच वेळ आत-बाहेर केला. पाय निघाला तेव्हा बीळ नव्हतं. चिखलाचा एक सपाट गोल होता.

मग सरड्यानं जाहीर केलं की उद्घाटन झालं. वामनरावांनी घोषणा सुरू केली. त्यांचा आवाज पार बसला होता. घोषणेच्या मध्येच ते थांबले, द्वारकाकडे पाहिलं, आणि उरलेली घोषणा पूर्ण केली.

द्वारका त्या गोलापाशी जाऊन उभी राहिली. तिनं नांगीनं माती चाचपली. राग यावा तेवढा तिला आला नाही. जांभळापाशी उभं राहताना अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं झालं होतं, तसं या वेळी झालं नाही. खणता येतं हे आता तिला ठाऊक होतं. तुटलेल्या नांगीच्या जागी मऊ, पांढुरका कोंब आला होता. ती वळली आणि कातळाच्या दुसऱ्या टोकाकडे तिरकी चालू लागली.

थोडं अंतर गेल्यावर तिला मागे आवाज आला. मडक्यातला म्हातारा खेकडा येत होता, वाटेतच पाठीची वेल कुरतडत. त्याच्या मागे एक साळिंदर होतं, ज्याचं बीळ बुजलं होतं. आणि सगळ्यात शेवटी, वही तिथेच दगडाखाली ठेवून, खार.

त्या दिवशी सायंकाळच्या सभेत काही जागा रिकाम्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी थोड्या अधिक दिसल्या. आठवड्याभरात कुजबुज इतकी वाढली की महामहिषांना पाण्यातून डोकं वर काढावं लागलं. त्यांच्या वतीनं सरड्यानं खुलासा केला की राज्य सोडून कुणीही गेलेलं नाही, आणि जे गेले ते मुळात इथले नव्हतेच.